श्रद्धेची किंमत आणि घरच्यांचा वाटा

बेळगावात १८३१ साली जन्मलेल्या बाबा पद्मनजींचे नाव मराठी कादंबरीच्या इतिहासात अगदी पहिल्या पानावर येते. विधवांच्या दुःस्थितीवरचे त्यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले आणि अनेक अभ्यासक तिला पहिली मराठी कादंबरी मानतात. त्याच्या तीन वर्षे आधी, १८५४ साली, याच बेळगावात त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. कासार कुटुंबातला तेवीस वर्षांचा शिकलेला मुलगा ख्रिस्ती झाला, तेव्हा त्याला नेमके काय द्यावे लागले असेल? १८८८ साली त्यांनी ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र लिहिले. त्यातून त्यांच्या मनाचा प्रवास कळतो. घरच्यांच्या मनाचा प्रवास मात्र आपल्याला अंदाजानेच ताडावा लागतो, कारण तो त्यांनी स्वतः कुठे लिहून ठेवलेला नाही.

मी जैन आहे आणि व्यवसायाने होमिओपॅथिक डॉक्टर. ख्रिस्ती धर्म खरा की खोटा, धर्मांतर योग्य की अयोग्य, हा आजचा विषय नाही आणि तो माझा अधिकारही नाही. पण वैद्याला एक सवय लागते. रोगी समोर बसला, की त्याच्यासोबत कोण आले आहे तिकडेही आपण पाहतो. रात्री कोण जागते, पथ्याचे कोण करते, दोन महिने पगार नसताना घर कोण चालवते, हे कळल्याशिवाय आजार पुरता कळत नाही. श्रद्धेच्या किमतीकडेही असेच पाहावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रथम त्या काळी ‘किंमत’ या शब्दात काय काय येत होते ते पाहू. बाप्तिस्मा घेतल्या दिवसापासून पंगत बंद होई आणि घरच्या माठाचे पाणी बंद होई. मुलाबाळांच्या सोयरिकी अडत. काही घरांत जिवंत माणसाच्या नावाने घटस्फोट करून त्याची क्रियाही उरकून टाकत. वडिलोपार्जित मिळकतीवरचा हक्क जाई. हा हक्क वाचवण्यासाठी इंग्रज सरकारने १८५० साली एकविसावा कायदा केला; धर्म बदलला किंवा जातीबाहेर टाकले म्हणून कोणाचा वारसा बुडू नये असे त्यात ठरले. कायद्याने शेतातला वाटा राखला, पण ओसरीवरची जागा राखणे कायद्याच्या हातात नव्हते.

विवाहाचा प्रश्न त्याहून अवघड होता. नवरा ख्रिस्ती झाला आणि बायको झाली नाही, तर तिचे काय? १८६६ साली यासाठी निराळा कायदा आला. धर्मांतरित जोडीदाराशी केवळ त्या कारणाने नांदायला दुसऱ्याने नकार दिला, तर कोर्टात अर्ज करता येई. न्यायाधीश प्रकरण एक वर्ष तहकूब ठेवी. वर्षानंतरही नकार कायम राहिला, तर विवाह रद्द करून दोघांना पुन्हा लग्न करायची मोकळीक देई. पण सवर्ण हिंदू स्त्रीला पुनर्विवाहाची मोकळीक कागदावर मिळून काय उपयोग? ज्या समाजात विधवेचे लग्न होत नव्हते, तिथे नवरा जिवंत असलेल्या बाईचे कोण लावणार?

लहान मुलांची गोष्ट आणखी वेगळी. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अजून वयात आला नव्हता, तोही मिशनऱ्यांकडे राहिला होता. वडील सुप्रीम कोर्टात गेले आणि मुलगा त्यांच्या ताब्यात आला. पण घरी आलेल्या मुलाला जातीत घ्यायचे की नाही, यावरून मोठे वादळ उठले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे म्हणून खटपट केली, तर कर्मठ मंडळींनी त्यांच्यावरच बहिष्काराचे शस्त्र उगारले. निर्णय मोठ्यांचे होते आणि ओढाताण मात्र एका पोराची झाली.

हे सारे सर्वांत स्पष्ट दिसते ते रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या संसारात. टिळक कोकणातल्या करजगावचे. १८९३ साली रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. त्याने दिलेल्या नव्या कराराच्या वाचनाने विचाराला वळण लागले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची किंमत त्यांनी जाणून मोजली. येशूने आपल्यामागे येणाऱ्या लोकसमुदायाला सांगितलेच होते, की बुरूज बांधायला काढणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा. टिळकांनी तो केला असणार. पण त्या हिशेबातली एक रक्कम त्यांच्या खिशातली नव्हती. ती लक्ष्मीबाईंच्या पदरची होती, आणि ती खर्च करायला त्यांची संमती कोणी विचारली नव्हती.

‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना हा भाग सांगायला नको. नवरा जिवंत, म्हणून कपाळी कुंकू आहे. पण त्याच्या घरी जाता येत नाही. पदरात लहानगा दत्तू आहे. भाऊ, बहीण, मेहुणे यांचा आधार आहे, पण तो आधार आहे, स्वतःचे घर नव्हे. कीव करणारे भेटतात, टोमणे मारणारेही भेटतात. विधवेला निदान एक ठरलेली, दुःखाची का होईना, जागा होती. या बाईला तीही नव्हती. मराठी भाषेचे भाग्य असे, की दुसऱ्याच्या श्रद्धेची किंमत जिने भरली, तिनेच पुढे हातात लेखणी घेतली आणि जराही कडवटपणा न ठेवता, हसत हसत सारे लिहून काढले. जगातल्या धर्मांतराच्या बहुतेक कहाण्या धर्मांतर करणाऱ्याने लिहिल्या आहेत. दाराशी उभ्या राहिलेल्या माणसाची इतकी प्रांजळ कहाणी क्वचितच सापडेल.

आता टिळकांची बाजू. विवाह रद्द करून घेण्याचा कायदा त्यांच्या हाताशी होता, तरी ते त्या वाटेला गेले नाहीत. त्यांनी दुसरे लग्न केले नाही. पत्रे पाठवीत राहिले, भेटायला येत राहिले, रागावले, रडले, आणि थांबले. कायद्याने बायकोला विचार करायला एक वर्ष दिले होते. टिळकांनी चार-पाच वर्षे दिली. लक्ष्मीबाई अखेर नगरला नवऱ्याजवळ राहायला आल्या त्या हिंदू म्हणूनच आल्या. त्यांचा स्वयंपाक निराळा आणि पाणी निराळे. ख्रिस्ती उपदेशकाच्या घरात सोवळ्याची चूल पेटत होती, आणि ती पेटू देण्याइतके टिळकांचे मन मोठे होते. पुढे माणसामाणसांतला भेद देवाने केलेला नाही हे त्यांचे त्यांनाच पटले, आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. या क्रमाला फार महत्त्व आहे. नवऱ्याच्या मागून फरफटत गेलेली बाई ‘स्मृतिचित्रे’ लिहू शकली नसती. टिळकांच्या हातून अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पुढे नेण्याचा अधिकारही तिला आला नसता.

किंमत एकदा मोजून संपत नाही, हेही टिळकांच्या चरित्रातून कळते. ज्या मंडळीत ते गेले तिथेही साहेबी वळण होते, पगाराची उतरंड होती. अभंगात आणि कीर्तनात ख्रिस्त गाणारा हा कवी त्या चौकटीत मावला नाही. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या दोघांनाही तिथे जागा होती. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले. पगार सोडून संन्यास घेतला त्यांनी. उरलेल्या संसाराची तोंडमिळवणी पुन्हा लक्ष्मीबाईंकडेच आली.

पंडिता रमाबाईंची गोष्ट वरवर वेगळी. त्यांना सोडायला घरच उरले नव्हते. दुष्काळात आईवडील गेले, मग बहीण, १८८० मध्ये भाऊ, आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांनी चिमुकल्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यांची किंमत समाजाकडून वसूल झाली, आणि तीही दोन्हीकडून. वाँटेजच्या धर्मभगिनींना त्यांचे शाकाहारी राहणे म्हणजे जुन्या जातीचा ताठा वाटे. आम्हा जैनांना ही अडचण चटकन समजेल. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, आमची संस्कृत का नको, असा रमाबाईंचा प्रश्न होता. धर्मगुरू सांगतील ते सगळे डोळे मिटून मानणार नाही, असे त्या पत्रांतून बजावत राहिल्या.

इकडे ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. सदनात धर्माचा उपदेश होणार नाही, असे आश्वासन होते. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत, पण दार लावून घेत नसत, आणि काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ साली यावरून पुण्यात गहजब झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांचे चुकले असे मला म्हणवत नाही. त्यांनी एका शब्दावर विश्वास ठेवून विधवा लेकी पाठवल्या होत्या. पण स्वतःच्या घरात प्रार्थनेचे दार बंद करा, हे रमाबाईंनाही मानवणारे नव्हते. ती ओढाताण झाली आणि पुन्हा भोगावे लागले ते ज्यांना कोणी विचारले नाही अशांना. शिक्षण अर्धवट सोडून परत गेलेल्या त्या मुलींची नावे आज कोणाला आठवतात? पुढे केडगावच्या मुक्ती सदनात रमाबाईंनी दुष्काळातल्या शेकडो मुली सांभाळल्या, हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणले. मनोरमा त्यांच्याबरोबर राबत राहिली आणि १९२१ साली आईच्या आधी गेली. पुढच्याच एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या.

इथे एक गोष्ट सांगितली नाही तर चित्र एकांगी होईल. वरची सारी नावे शिकलेल्या, लिहित्या माणसांची आहेत. नगर जिल्ह्यातले बहुसंख्य मराठी ख्रिस्ती महार-मांग समाजातून आले. त्यांना गावची पंगत आधीही नव्हती, पण गावकीतला हक्क आणि बलुते होते, आणि तेही धोक्यात येई. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाहीत. आजोबांनी घेतलेल्या निर्णयाची किंमत नातू आजही शाळेच्या आणि नोकरीच्या अर्जात भरतो. त्या घरांतून ‘स्मृतिचित्रे’ लिहिली गेली नाहीत म्हणून ती किंमत कमी ठरत नाही.

आता माझ्या परंपरेचे. जैन समाजात दीक्षा घेणाऱ्याची मिरवणूक निघते, आईवडिलांचा सत्कार होतो. आपण सोडून जाणाऱ्याला डोक्यावर घेतो, कारण तो आपल्या ओळखीच्या दाराने जातो. अनोळखी दाराने जाणाऱ्याला मात्र आपण दगड मारतो. त्याग दोन्हीकडे खराच असतो. पण आमच्या शास्त्राने एक शहाणपण दाखवले आहे. कुंदकुंदाचार्यांच्या ‘प्रवचनसारा’त श्रमण होऊ इच्छिणाऱ्याने आधी आप्तवर्गाचा निरोप घ्यावा असे सांगितले आहे. श्वेतांबर परंपरा तर सांगते, की आईवडील हयात असेपर्यंत घर सोडणार नाही असा संकल्प महावीरांनी गर्भावस्थेतच केला होता. आत्म्याची वाट एकट्याची असली, तरी उंबरठा साऱ्या घराचा असतो, हे त्या जुन्या माणसांनी ओळखले होते.

टिळकांनी हा निरोप आधी घेतला नाही, पण नंतरची चार-पाच वर्षे ते तो मागत राहिले, असे मला वाटते. म्हणूनच त्यांचे मोठेपण मला बाप्तिस्म्याच्या दिवसापेक्षा त्या निराळ्या चुलीपाशी अधिक दिसते. माणूस कोणत्या धर्मात गेला यावरून त्याच्या श्रद्धेची पारख होत नाही. आपल्या श्रद्धेपायी ज्यांना न विचारता किंमत पडली, त्यांच्याशी तो पुढे कसा वागला, यावरून ती होते.

आणि ही पारख समाजालाही लागू आहे. लक्ष्मीबाईंचे दुःख टिळकांच्या बाप्तिस्म्याने सुरू झाले खरे, पण ते वाढवले पंगतीने, पाण्याने आणि टोमण्यांनी. तेवढा भाग शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातात होता. कोणाच्या घरातला मुलगा किंवा सून उद्या वेगळी वाट धरील, दुसऱ्या धर्मात जाईल, दुसऱ्या जातीत लग्न करील किंवा दीक्षा घेईल. तेव्हा त्याने काय करावे हे सांगायला खूप जण पुढे येतील. आपण त्याच्या मागे राहिलेल्या घरात जाऊन बसावे, चहा मागून प्यावा आणि त्यांच्या पोरांना आपल्या पंगतीला बोलवावे. किंमत त्याने शून्य होणार नाही, पण तिच्यातला समाजाने लादलेला वाटा तरी उतरेल.