रात्रभर साखर येते कुठून?

रात्री साडेआठला मेसमध्ये जेवण झालं. त्यानंतर कुणी सबमिशनसाठी जागलं, कुणी सरळ झोपलं, पण पोटात काही गेलं नाही. सकाळी आठला त्याच मुलाचं रक्त तपासलं तर दर शंभर मिलीलीटरमागे ८०-९० मिलिग्रॅम साखर सापडते. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त साधारण पाच लीटर, म्हणजे सगळ्या रक्तात मिळून साखर चार-साडेचार ग्रॅम. एक चमचा! आणि एकटा मेंदूच तासाला सुमारे पाच ग्रॅम साखर खातो (व्हायवाच्या आदल्या रात्रीही तेवढीच, अभ्यास केला म्हणून जास्त नाही). मग ही चमचाभर साखर बारा तास पुरते कशी?

याचं उत्तर क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिलं. त्या काळी समजूत अशी होती की साखर वनस्पती तयार करतात आणि प्राणी ती फक्त खर्च करतात. बर्नारने एका प्राण्याचं यकृत, म्हणजे लिव्हर, बाहेर काढून त्याच्या रक्तवाहिनीतून चाळीस मिनिटं पाण्याची धार सोडली. साखरेचा मागमूस राहिला नाही. मग ते धुतलेलं यकृत तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर त्यात पुन्हा भरपूर साखर! ही गोष्ट १८५५ सालची. यकृत स्वतःच साखर तयार करतं हे सिद्ध झालं. १८५७ मध्ये त्याने साखरेचा तो साठा, ग्लायकोजेन, वेगळाही काढला. मला हा प्रयोग फार आवडतो. एक नळ, एक बादली आणि डोकं, एवढ्यावर काम झालं.

तर आपलं यकृत म्हणजे दीड किलोची टाकी समजा. त्यात शंभरेक ग्रॅम ग्लायकोजेन असतं. शिवाय गरज पडली तर यकृत दुसऱ्या कच्च्या मालापासून नवी साखरही बनवतं. साठ किलोच्या माणसाचं यकृत रात्रभर तासाला सातेक ग्रॅम साखर रक्तात सोडत राहतं. जेवण झालं की हा पुरवठा थांबायला हवा, कारण आता साखर पोटाकडून येते आहे. तो थांबवण्याचा निरोप म्हणजे इन्सुलिन. स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन अंगभर फिरण्याआधी थेट यकृतात पोचतं आणि जवळपास निम्मं तिथेच खर्ची पडतं. यावरूनच कळावं की या कारभारात यकृताचं स्थान काय आहे.

आता होस्टेलच्या गच्चीवरची टाकी आठवा. बॉलकॉकमध्ये कचरा अडकला की टाकी भरली तरी पाणी येतच राहतं आणि सकाळी जिन्यावरून ओघळ. यकृतातला कचरा म्हणजे चरबी. यकृताच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त चरबी झाली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. असं यकृत इन्सुलिनचा 'साखर बंद कर' हा निरोप नीट ऐकत नाही. पण गंमत अशी की 'जास्तीच्या साखरेची चरबी कर' हा इन्सुलिनचा दुसरा निरोप ते व्यवस्थित ऐकतं! म्हणजे इन्सुलिन जितकं वाढेल तितकी चरबी वाढणार, आणि चरबी वाढली की इन्सुलिन आणखी लागणार. पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतात तो हाच.

कंट्रोल सिस्टीम शिकलेल्यांना पुढचा भाग लगेच पटेल. प्लान्ट दाद देत नाही म्हटल्यावर कंट्रोलर आपला आउटपुट वाढवतो आणि एरर शून्यावर ठेवतो. स्वादुपिंड हेच करतं. कित्येक वर्षं ते जास्तीचं इन्सुलिन ओततं आणि तोवर साखरेचा रिपोर्ट अगदी नॉर्मल येतो. सगळे खूश. ज्या दिवशी कंट्रोलर सॅच्युरेट होतो, त्या दिवसापासून सकाळची साखर चढू लागते. आपण म्हणतो, "अचानक डायबेटीस निघाला." अचानक काही नसतं. ज्यांना फॅटी लिव्हर आहे त्यांना पुढे टाइप टू डायबेटीस होण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो, तो यामुळेच. मेटफॉर्मिन ही गोळी आपल्यापैकी अनेकांच्या घरात असते. तिचं मुख्य कामही यकृतातून सुटणारी साखर कमी करणं हेच आहे.

माझे बाबा दारूला हात लावत नाहीत आणि वजन अठ्ठावन्न किलो. मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली तेव्हा रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' लिहिलेलं होतं. "हे हल्ली सगळ्यांनाच असतं," असं तिथे सांगितलं गेलं आणि विषय संपला. आईचंही म्हणणं, "एवढा बारीक माणूस, त्याला कसली चरबी!" अडीच वर्षांनी त्यांना डायबेटीस निघाला. तेव्हापासून मी हे सगळं वाचायला लागलो.

बारीक माणसाला कसली चरबी, या प्रश्नाचं उत्तर आपल्या पुण्यातच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, दोघेही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्याकडची बरीच माणसं अशी वरून बारीक आणि आतून चरबीची असतात. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्याच अभ्यासात तर नवजात बाळांतही हा प्रकार दिसला. म्हणून आपल्यासाठी काट्यावरच्या वजनापेक्षा टेप जास्त खरी बोलते. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० च्या वर गेली की सावध व्हायचं. पँटचा नंबर पहिल्या वर्षापासून किती वाढला, ते ज्याचं त्याने आठवावं.

होस्टेलवर ही चरबी येते कुठून हे मी सांगायला नको. पी.एल. सुरू झाली की दिवसभर खुर्ची आणि रात्री अकराला टपरी. तीनशे मिलीलीटर कोलात तीसेक ग्रॅम साखर असते. साध्या साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज, आणि त्याचा निकाल मुख्यतः यकृतालाच लावावा लागतो. मेसच्या भाताला उगाच बदनाम करू नका, पण भातावर भात आणि वर कोल्ड्रिंक हे रोजचं झालं तर टाकी कधीच रिकामी होत नाही.

आता चांगली बातमी. कचरा काढला की बॉलकॉक पुन्हा चालतो! इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाचे प्रा. रॉय टेलर यांनी २०११ मध्ये असा प्रयोग प्रसिद्ध केला. डायबेटीसच्या अकरा रुग्णांना आठ आठवडे रोज फक्त ६०० कॅलरी दिल्या. पहिल्याच आठवड्यात यकृतातली चरबी ३० टक्क्यांनी उतरली आणि सकाळची साखर नॉर्मल झाली. स्वादुपिंड सुधारायला मात्र पूर्ण आठ आठवडे लागले. नंतर 'डायरेक्ट' नावाची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. वजन उतरवण्याच्या गटातल्या १४९ पैकी ४६ टक्के लोकांची साखर वर्षाअखेर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. दोन वर्षांनी हा आकडा ३६ टक्क्यांवर आला, कारण बऱ्याच जणांचं वजन परत चढलं. हे सगळे रुग्ण मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतले होते. उशीर झाला की स्वादुपिंड तितकं सावरत नाही. आणि कृपा करून कुणी ६०० कॅलरींचा प्रयोग रूमवर करू नका. घरी सांगायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, गोळ्या चालू असताना साखर धोकादायक उतरू शकते. नुसतं फॅटी लिव्हर असेल तर वजन सात-दहा टक्के उतरवलं तरी बराच फरक पडतो. आणि ग्राउंडवर रोज घाम गाळला तर वजन न उतरताही यकृतातली चरबी कमी होते.

आता तपासण्या. हा भाग खास करून आमच्या सर लोकांसाठी, ऑफिसच्या आणि मेसच्या काका-मावशींसाठी. एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणजे यकृतात चरबी नाही असं होत नाही, आणि थोडी चरबी सोनोग्राफीतही सुटून जाते. पण फॅटी लिव्हर असा शेरा आलाच तर उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी करून घ्यावी. साखर १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ असेल तर तो मधुमेहाचा उंबरठा. यकृत कितपत घट्ट झालंय याचा अंदाज कॅल्क्युलेटरवरही येतो. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. प्लेटलेट अडीच लाख असतील तर २५० धरायचे. उदाहरणार्थ वय ४८, एसजीओटी ५०, प्लेटलेट अडीच लाख, एसजीपीटी ६४, तर उत्तर १.२. उत्तर १.३ च्या खाली असलं तर बहुधा काळजी नाही, वर असलं तर डॉक्टरांकडे जावं. पस्तिशीच्या आतल्यांना हे सूत्र नीट लागू पडत नाही, तेव्हा आपण पोरांनी ते घरच्यांसाठी वापरावं.

वर असलं तर डॉक्टर फायब्रोस्कॅन सांगतात. मेकॅनिकलवाल्यांनी तो आवर्जून पाहावा. बरगड्यांमधून ५० हर्ट्झचा हलका ठोका देतात, यकृतात शिअर वेव्ह जाते आणि तिचा वेग अल्ट्रासाउंडने मोजतात. यंग्ज मोड्युलस म्हणजे तीन गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग, उत्तर किलोपास्कलमध्ये. ना सुई ना चिरा, दहा मिनिटांत काम होतं. फक्त त्याआधी तीन तास पोट रिकामं ठेवावं लागतं.