सिद्दींचा गोमा

गडाच्या यात्रेत संबळ वाजला की पाय थांबत नाहीत ना? गुजरातेत, भरूच जिल्ह्यात रतनपूरच्या डोंगरावर बावा गोरचा उरूस भरतो, तिथंही तसंच. तिकीट नाही, पोराबाळांसकट कुणीही यावं. ढोल वाजवतात सिद्दी. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. कुणी खलाशी, कुणी शिपाई, बरेच गुलाम म्हणून आणलेले. भाषा सुटली, नाच राहिला. त्याला ते गोमा म्हणतात. आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत न्गोमा म्हणजे ढोल आणि नाचही. बावांची बहीण माई मिश्रा, तिला बाया मुलासाठी नवस बोलतात. आपल्यासारखंच की!

सिद्दी आज गुजराती बोलतात, तरी ‘तुम्ही कुठल्या देशाचे?’ हे ऐकावं लागतंच. अन् आपल्या नाशकात, शरणपूरलाही गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकली. त्यातला जेकब वेनराइट १८७४ साली लिव्हिंग्स्टनचं शव घेऊन लंडनला पोहोचला.