बांबूचे बेट : तोडावे कसे व राखावे कसे

कोकणातील लहान शेतकऱ्यास भातखाचराच्या उत्पन्नावर वर्ष काढणे कठीण जाते. घरात लग्नकार्य निघाले किंवा आजारपण आले, म्हणजे गडग्यालगतचे बांबूचे बेट त्याच्या उपयोगी पडते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात माणगा बांबूस या दृष्टीने विशेष महत्त्व आहे. त्यास काटे नसतात व काठी जवळजवळ भरीव असल्याने तिला चांगली मागणी असते.

परंतु नडीच्या वेळी बेट उक्ते विकले, की कोवळ्या व जून काठ्यांचा भेद न करता ते साफ केले जाते. नवे कोंब मुख्यतः कोवळ्या काठ्यांच्या कंदांतून फुटतात. त्या काठ्याच गेल्या, म्हणजे पुढील पावसाळ्यात कोंब थोडे व बारीक येतात आणि बेट खालावते. एका वर्षाच्या पैशापायी अनेक वर्षांचे उत्पन्न बुडते.

तोडणीची योग्य रीत सोपी आहे. तीन वर्षांच्या व त्याहून जुन्या काठ्याच तोडाव्यात. पावसाळ्यात, कोंब वाढत असता, कोयता लावू नये. जमिनीलगतच्या पेऱ्यावर स्वच्छ छाट घ्यावा. बेटाच्या एका बाजूने वाट करून आतील जून काठ्या काढाव्यात व कडेच्या कोवळ्या काठ्या राखाव्यात. पावसाळ्यापूर्वी बुंध्याशी मातीची भर द्यावी व गळलेला पाला तेथेच राहू द्यावा.

माणग्यास बी क्वचितच धरते. म्हणून कंद किंवा काठीचे तुकडे लावून त्याची रोपे तयार करावी लागतात. असे ज्ञान शेतकऱ्यापर्यंत नेण्यासाठीच संशोधन व विस्तार यांची सांगड घातलेली आहे. दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे सुरू झाले व पुढे अशी केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत निघाली.

२०१७ मध्ये भारतीय वन अधिनियम, १९२७ यातील 'वृक्ष' या संज्ञेतून बांबू वगळण्यात आला. त्यामुळे वनाबाहेर लावलेल्या बांबूच्या तोडणीस व वाहतुकीस त्या अधिनियमाखाली परवाना लागत नाही. मात्र कायद्याची अडचण दूर झाल्याने बेट आपोआप टिकत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक वाडीत एक बेट निवडावे व दरवर्षी नव्या काठ्यांवर त्या वर्षाच्या रंगाची खूण करावी. खूण पाहून तोडणी झाली, की बेट मालकाच्या नडीला पुढेही उभे राहील.