आजीचा अंगठा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी बुऱ्हाणपूरला घरी गेलो, तेव्हा आजीने फराळाच्या आधी पासबुक माझ्या हाती ठेवले. (आमचे गाव मध्य प्रदेशात असले तरी घरात व गल्लीत मराठीच चालते, हे येथील मित्रांना दरवर्षी नव्याने सांगावे लागते.) तिच्या खात्यात वृद्धापकाळाच्या पेन्शनचे तीन महिन्यांचे पैसे, महिना ६०० प्रमाणे १८०० रुपये, जमा होते, पण हाती येत नव्हते. कियोस्कवरचा मुलगा यंत्रावर तिचा अंगठा ठेवायला लावी आणि थोड्या वेळाने म्हणे, "अम्मा, अंगूठा मैच नहीं हो रहा, कल आना." असे चार वेळा झाले होते. आजी मला म्हणाली, "अरे, ते यंत्र म्हणतंय की ही मी नव्हेच!"

यंत्र तसे म्हणत नव्हते. ते नेमके काय म्हणत होते, ते समजावून देताना मलाच पुष्कळ वाचावे लागले. त्यातले थोडे येथे मांडतो.

अंगठा आणि पेन्शन यांचे नाते 'आधार'पेक्षा पुष्कळ जुने आहे. विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे एका ठेकेदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे १८७७ मध्ये हुगळीस मॅजिस्ट्रेट असताना त्याने पेन्शनरांचे ठसे घेण्याची पद्धत घातली. कारण पेन्शनर वारला तरी त्याच्या नावावर भलतेच कोणी पैसे उचलीत असत. कलकत्त्यास पोलिसांचे ठसे-कार्यालय निघाले ते १८९७ साली, म्हणजे यानंतर वीस वर्षांनी. तेथे अझिझुल हक व हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणाचे काम केले; पद्धतीला नाव मात्र त्यांच्या साहेबाचे, एडवर्ड हेन्रीचे, लागले. असो.

'आधार'चा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्या शेजारच्या खानदेशात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी दिला गेला. नोंदणीच्या वेळी दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांची बुबुळे आणि चेहरा यांची चित्रे घेतात. बोटाच्या कातडीवर बारीक उंचवट्यांच्या रेषा असतात. काही मध्येच संपतात, काहींना फाटे फुटतात. यंत्र ही टोके आणि हे फाटे टिपते व पूर्वीच्या नोंदीशी ताडून पाहते. आता गंमत अशी की, एकाच बोटाचे दोन ठसे तंतोतंत सारखे कधीच येत नाहीत. दाब कमीजास्त होतो, कातडी कोरडी वा ओली असते, बोट जरा तिरके पडते. म्हणून यंत्र साम्याला गुण देते, आपल्या परीक्षेसारखेच. ठरलेल्या मर्यादेच्या वर गुण मिळाले तर 'होय', खाली मिळाले तर 'नाही'. पासाची मर्यादा वाढविली की तोतये अधिक नापास होतात, पण त्यांच्याबरोबर खरी माणसेही अधिक नापास होतात. मर्यादा उतरविली की उलटे. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणणारी मर्यादा नसते.

तेव्हा 'नाही' याचा अर्थ 'ही बाई ती नव्हे' असा नाही. 'मला ओळख पटली नाही' एवढाच आहे. आजीने चाळीस वर्षे पॉवरलूमसाठी कांड्या भरल्या, राखेने भांडी घासली. सुताने आणि राखेने तिच्या रेषा कधीच्या झिजल्या. जिला ६०० रुपयांची गरज तिचेच बोट बहुधा झिजलेले असते, हे मला या सर्व प्रकरणातील मोठे वैगुण्य वाटते. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले आमच्या शेजारचे काका हयातीचा दाखला घरबसल्या मोबाईलला चेहरा दाखवून देतात. ती सोय २०२१ पासून आहे.

मार्च २०१८ मध्ये प्राधिकरणाच्या प्रमुखांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितले की, शासकीय सेवांतील पडताळणी ८८ टक्के यशस्वी होते. उरलेल्या बारांत दुसऱ्या प्रयत्नात जमणारेही असतील; तरी आकडा लहान नाही. मात्र यंत्र सर्वस्वी वाईट, असे म्हणणेही न्याय्य नव्हे. आंध्रात ठशांच्या स्मार्टकार्डांनी रोजगार हमीची मजुरी लवकर मिळू लागली व गळती घटली, असे मुरलीधरन व त्यांच्या सहकाऱ्यांना पाहणीत आढळले. त्याच संशोधकांनी झारखंडच्या रेशनची पाहणी केली, तेव्हा मात्र नुसत्या आधार-पडताळणीने गळती घटलेली दिसली नाही. काही खरे लाभार्थी तेवढे वगळले गेले. आंध्रात ठसा जुळला नाही तरी पैसे देण्याची वाट उघडी ठेवली होती. फरक पुष्कळसा येथेच आहे, असे माझे मत.

अशी वाट नियमाने सर्वत्रच आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये प्राधिकरणाने परिपत्रक काढून, ठसा न जुळल्यास अन्य मार्गाने ओळख पटवून लाभ द्यावा, असे कळविले. कियोस्कवरच्या मुलाला याची गंधवार्ता नव्हती. त्याला दोष तरी काय द्यावा?

मी आजीला घेऊन तिचे खाते असलेल्या शाखेत गेलो. पेन्शन बंद पडलेली नव्हती, अडली होती फक्त काढण्याची वाट. हे दोन प्रश्न निराळे आहेत आणि लोक त्यांची गल्लत करून उगाच पेन्शनच्या कचेरीत खेटे घालतात. शाखेत कॅशियरने पासबुकावरचा फोटो पाहिला, आजीकडे पाहिले, पैसे काढण्याच्या स्लिपवर शाईचा अंगठा घेतला, साक्षीदार म्हणून माझी सही घेतली आणि १८०० रुपये मोजून दिले. हर्शेलच्या काळातलीच शाई!

दुसऱ्या दिवशी आधार केंद्रावर जाऊन तिचे ठसे नव्याने नोंदविले. तेथे एकेक बोट तपासून पाहिले, तेव्हा डाव्या हाताची अनामिका सर्वांत स्पष्ट निघाली; कांडी भरताना त्या बोटावर सूत येत नसे, असे आजी म्हणते. आता कियोस्कवर ती अंगठा देतच नाही, तेच बोट पुढे करते. मागच्या महिन्यात दुसऱ्या खेपेस जमले, असे तिने फोनवर सांगितले.