घड्याळ एक, सूर्योदय दोन

डिसेंबरात आसाममधल्या दिब्रुगडला साडेचारच्या आतच सूर्य मावळतो. मुंबईत तो सहाच्या सुमारास मावळतो. घड्याळं मात्र दोन्हीकडे सारखीच. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. मुंबई साधारण ७३ अंश पूर्व रेखांशावर, दिब्रुगड ९५ वर. म्हणजे सूर्याच्या हिशेबाने जवळजवळ दीड तासाचं अंतर. भारतीय प्रमाणवेळ या दोहोंमधल्या ८२.५ अंशांवर बेतलेली आहे. आसामातले अनेक चहामळे म्हणूनच एक तास पुढचा ‘बागान टाइम’ पाळतात. त्यामुळे उजेडातच पानं खुडून होतात. मुंबईतही १९५५ पर्यंत ३९ मिनिटं मागचा ‘बॉम्बे टाइम’ चालत होता. ईशान्येकडून वेगळ्या प्रमाणवेळेची मागणी होते, ती रास्तच आहे. कामाच्या वेळा तिथल्या उजेडाशी जुळायला हव्यात.