हळद शिजताना

फेब्रुवारी-मार्चमध्ये वसमत तालुक्यात फिरावे तर शेताशेतांत हळद शिजवायचा कुकर चालू असतो. टाकीतल्या पाण्याची वाफ पाइपातून ओल्या हळकुंडांच्या ड्रममध्ये शिरते. सुरुवातीला येतो तो कच्च्या हळदीचा, मातकट आणि आल्याच्या जवळचा वास. मग तो गडद होत जातो. जाणता माणूस एक हळकुंड काढून त्यात काडी खुपसून पाहतो. ती विनासायास आत गेली की ड्रम लगेच ताडपत्रीवर रिकामा होतो. उशीर करून चालत नाही. जास्त शिजली तर हळद काळपट पडते आणि वासही उडतो.

हळदीची चर्चा रंगावरच जास्त होते. पण रंग देणाऱ्या कर्क्युमिनला स्वतःचा असा वास नाही! वास तेलाचा. हे तेल कंदातल्या बारीक, डोळ्यांना न दिसणाऱ्या तैलपेशींमध्ये साठते.

ते बनवायची झाडाची रीत विलक्षण आहे. पाच कार्बन अणूंचा एक तुकडा ते घडवते. असे तीन तुकडे जोडले की पंधरा कार्बनची साखळी होते, आणि विकरे तिला वळवून झिंजिबेरीन, टर्मेरोन अशी संयुगे घडवतात. द्राक्षातही हेच तुकडे असतात. मस्कत जातीच्या द्राक्षाला सुगंध देणारे लिनालूल आणि जिरेनिऑल मात्र दोनच तुकड्यांचे, दहा कार्बनचे, म्हणून हलके आणि लवकर उडणारे. हळदीचे रेणू जड. उकळती वाफ आणि त्यानंतरचे दहा-पंधरा दिवसांचे ऊन सोसूनही वास टिकतो, त्यामागे हे मोठे कारण आहे. हळदीच्या पानात मात्र फेलँड्रीनसारखे दहा कार्बनवाले रेणू भरपूर. त्यामुळे कोकणातल्या पातोळ्यांना येणारा पानाचा दरवळ आणि डब्यातल्या हळदीचा वास एकाच झाडाचे असूनही वेगळे.

वाळताना आणि साठवणीतही रसायन थांबत नाही. टर्मेरोनचा काही भाग हायड्रोजन गमावून एआर-टर्मेरोन बनतो. सुक्या हळदीच्या ओळखीच्या वासात त्याचा वाटा मोठा.

शंभर किलो ओल्या हळदीची सुकून साधारण वीस किलो उरते. मग ती पॉलिशच्या ढोलात फिरते. साल आणि मुळ्या झडतात, पिवळी धूळ उडते. 2024 मध्ये ‘वसमत हळदी’ला भौगोलिक मानांकन मिळाले. ते मिळायलाच हवे होते, कारण एवढ्या निगुतीने केलेल्या मालाला त्याच्या गावाचे नाव लागलेच पाहिजे. घेणाऱ्यांनीही थोडी निगा राखावी. दळल्यावर तैलपेशी फुटतात आणि तेल भराभर उडू लागते. वर्षाची बेगमी करायची तर अख्खी हळकुंडे घ्यावीत आणि लागेल तशी दळून आणावीत.