ट्रॅक्टरच्या हवागाळणीची निवड व निगा

कोरड्या जमिनीत रोटाव्हेटर चालू असता किंवा खळ्यावर मळणीयंत्र सुरू असता ट्रॅक्टरभोवती धुळीचे लोट उठतात. चालक तोंडाला उपरणे बांधून घेतो. इंजिनाला मात्र त्याच धुळीतून श्वास घ्यावा लागतो. ही धूळ बाहेरच्या बाहेर अडविणारा भाग म्हणजे हवागाळणी. मिस्त्री लोक हिला एअर क्लीनर किंवा एअर फिल्टर म्हणतात.

एक लिटर डिझेल पूर्णपणे जळण्यास निदान दहा हजार लिटर हवा लागते. तीन लिटर क्षमतेचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटास दोन हजार फेऱ्यांच्या गतीने चालले, तर ते तासाला सुमारे दीड लाख लिटर हवा ओढून घेते. एवढ्या हवेबरोबर किती माती आत जाऊ शकेल याचा अंदाज शेतकऱ्यांनीच करावा. मातीतील गारेचे कण सिलिंडरच्या बिडाहून कठीण असतात. ते वंगणात मिसळले की घासण्याच्या मसाल्यासारखा लगदा तयार होतो आणि पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर झिजू लागतात. मग इंजिन लवकर सुरू होत नाही, निळसर धूर येतो व वंगण वारंवार घालावे लागते. ही झीज भरून निघत नाही. ऐन हंगामात इंजिन खोलण्याची पाळी येते.

गाळणीचे प्रकार

हवागाळणी मुख्यतः दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात हवा तेलाच्या भांड्यावर आदळून उलट फिरते. धूळ तेलात अडकते व उरलेली तारेच्या जाळीत राहते. दुसऱ्या प्रकारात हवा घड्या घातलेल्या विशिष्ट कागदातून गाळली जाते. तेलाची गाळणी धुऊन वर्षानुवर्षे वापरता येते. मात्र इंजिन मंद गतीने चालत असता तिचे काम कमी पडते. कागदी गाळणी सर्व गतींत अधिक बारीक धूळ अडविते, परंतु ती वेळच्या वेळी बदलावी लागते.

निवड

इंजिनाबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमांकाचीच गाळणी घ्यावी. केवळ आकार जुळतो म्हणून दुसरी बसवू नये. गाळणी लहान पडल्यास हवा अपुरी मिळते. तिची रबरी कड नीट न बसल्यास धूळ बाजूने आत शिरते. खरेदी करताना कागदाच्या घड्या सारख्या अंतरावर आहेत, कड मऊ व अखंड आहे, हे पाहून घ्यावे.

निगा

धुळीचे काम असेल त्या दिवसांत तेलाची गाळणी रोज, इंजिन बंद करून पाहावी. तेल घट्ट झाले असेल किंवा तळाशी गाळ साचला असेल तर भांडे व जाळी धुऊन कोरडी करावी आणि पुस्तिकेत सांगितलेले तेल खुणेपर्यंतच भरावे. खुणेखाली तेल असल्यास धूळ अडत नाही. खुणेवर असल्यास जादा तेल इंजिनात ओढले जाऊन इंजिन बेफाम होण्याचा धोका असतो. वरच्या भांड्यातील भुसाही काढून टाकावा.

कागदी गाळणी मात्र उगाच वारंवार उघडू नये. प्रत्येक वेळी काढताघालताना कड सैल होण्याची व धूळ आत पडण्याची भीती असते. अडथळा दाखविणारी खूण लाल झाली की गाळणी काढावी. हवेने साफ करण्यास पुस्तिकेत परवानगी असेल तर कमी दाबाची कोरडी हवा आतून बाहेर सोडावी. गाळणी टायरवर आपटू नये. डिझेलने किंवा पेट्रोलने धुऊ नये. आतील दुसरी लहान गाळणी साफ करू नये, ती बदलावी. ती मळलेली आढळली, तर बाहेरची गाळणी फाटली आहे किंवा नीट बसलेली नाही असे समजावे.

मुख्य धोका

चोंदलेली गाळणी काळा धूर सोडून व इंजिनाची ताकद घटवून आपली तक्रार सांगते. ती साफ केली वा बदलली की काम पूर्ववत होते. फाटकी गाळणी किंवा सैल नळी मात्र काहीच सांगत नाही. इंजिन जोमाने चालत असते आणि आतून झिजत असते. म्हणून गाळणीपासून इंजिनापर्यंतची रबरी नळी व तिच्या पट्ट्या आठवड्यातून एकदा तपासाव्यात. नळीच्या आत धुळीची रेघ दिसली तर ट्रॅक्टर तेथेच थांबवावा व दोष दूर करूनच कामास लावावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी याचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. अंधाऱ्या खोलीत कागदी गाळणीच्या आत विजेरी लावून ती सावकाश फिरविली की लहानसे छिद्रही प्रकाशाच्या ठिपक्याने उघडे पडते. असा ठिपका दिसलेली गाळणी पुन्हा बसवू नये. तिची किंमत वाचविणे म्हणजे इंजिनाच्या दुरुस्तीचा खर्च ओढवून घेणे होय.